फील्ड हिलवर धान्याची गाडी बघायची तर आवाजाची वाट बघू नका

काका, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो. सप्टेंबरच्या शेवटी मुलीकडे कॅनडात कॅलगरीला येताय, एक अख्खा दिवस मोकळा आहे, रॉकीजमधे फील्ड गावाजवळ स्पायरल टनेलपाशी, म्हणजे डोंगरात गोल फिरणाऱ्या बोगद्यांपाशी, धान्याची लांबलचक मालगाडी बघायचीय, तर कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं आणि ते गोल पोटाचे हॉपर, म्हणजे धान्याचे डबे, ओळखायचे कसे. वर असंही लिहिलंय की "जन्म इगतपुरीत गेलाय, घाटातली लोडेड गाडी मैलभरावरून आवाजावर ओळखतो".

हे शेवटचं वाक्य आहे ना, तिथेच तुम्ही फसणार, मी पण फसलो होतो. मी कर्जतचा, म्हणजे तुमच्या थळ घाटाच्या ऐवजी आमचा बोरघाट, पण सवय तीच, मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागली, गाडी रडतखडत वर निघाली, डोंगर दणाणला की समजायचं आज लोड भारी आहे. सोळा-सतरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा फील्डला गेलो तेव्हा व्ह्यूपॉइंटवर असाच कान लावून बसलो होतो, दरीतून जबरदस्त आवाज करत एक हॉपरची गाडी वर आली, मी धडाधड शंभरेक फोटो मारले, घरी येऊन लोकांना दाखवले की बघा गव्हाची भरलेली गाडी, आणि एका म्हाताऱ्या गोऱ्या रेल्वेवाल्याने फोटोतल्या चाकाजवळच्या स्प्रिंगवर बोट ठेवून सांगितलं की बाबा ही एम्टी आहे, म्हणजे रिकामी. आणि मी बसलो होतो त्याच तीन तासांत दोन भरलेल्या गाड्या माझ्यासमोरून खाली उतरून गेल्या होत्या, त्यांच्याकडे मी नीट बघितलंसुद्धा नव्हतं, कारण त्यांनी काही आवाजच केला नाही!

तर इथला हिशोब आधी समजून घ्या. गहू, कनोला नावाची तेलबी, वाटाणा हे सगळं पिकतं पूर्वेला, आल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबाच्या सपाट मैदानात, आणि जहाजात भरायचं असतं पश्चिमेला व्हँकुव्हरला. मधे रॉकी पर्वत. कॅलगरीकडून गाडी बो नदीच्या काठाने हळूहळू चढत जाते, तो चढ सौम्य आहे, आणि किकिंग हॉर्स खिंडीत स्टीफन नावाच्या जागी, साधारण १६०० मीटर उंचीवर, माथा लागतो. तिथून पश्चिमेला फील्ड गावापर्यंत वीस-बावीस किलोमीटर नुसता उतार, त्यालाच फील्ड हिल म्हणतात. म्हणजे भरलेलं धान्य इथे उतरतं आणि रिकामे डबे चढतात. खरा खेळ उतरणीचा आहे, आणि उतरणीला इंजिन गर्जत नाही, ते घोंघावतं. डायनॅमिक ब्रेकचा, म्हणजे इंजिनाच्या मोटरींनीच गाडी रोखण्याचा, तो एकसुरी घूंऽऽ आवाज असतो, त्याच्याखाली चाकांची चिरचिर, आणि वारा तुमच्याकडे असेल तर ब्रेक शूचा जळका वास. हा वास आला की समजा काम झालं.

आता गंमत ऐका, तुम्हा-आम्हा घाटवाल्यांना पटणार नाही पण फील्ड हिलचा आजचा उतार आपल्या घाटापेक्षा कमी आहे. थळ घाट आणि बोरघाट दोन्ही १ इन ३७, म्हणजे २.७ टक्के, तर फील्ड हिल २.२ टक्के, म्हणजे साधारण १ इन ४५. मग एवढं कौतुक कसलं? वजनाचं. आपल्याकडे बीसीएनएचएल जातीच्या ५८ बंद वाघिणींचा भरलेला रेक असतो, तो झाला चार हजार टनांच्या आसपास माल. इथे धान्याची गाडी शंभर-सव्वाशे हॉपरची, सगळं मिळून दहा हजार टनांच्या कितीतरी वर, आणि बँकर वगैरे काही नाही. एक इंजिन पुढे, एक गाडीच्या मधे कुठेतरी आणि एक शेपटाला, असे साधारण लावतात, मधल्या आणि मागच्या इंजिनात माणूस नसतो, पुढचा ड्रायव्हर रेडिओवरून तिघांनाही चालवतो. मधे इंजिन टाकण्याचा मुख्य फायदा म्हणजे वळणावर कपलरवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यांवर, ताण कमी येतो आणि ब्रेकच्या पाइपात हवा दोन-तीन ठिकाणांहून भरली जाते, थंडीत हे फार महत्त्वाचं, त्याबद्दल पुढे सांगतो.

पूर्वी हा उतार भयंकर होता. कॅनेडियन पॅसिफिकने १८८० च्या दशकात घाईघाईत आणि कमी पैशात लाइन टाकली तेव्हा इथे ४.५ टक्के ठेवला, म्हणजे १ इन २२, विचार करा! त्याचं नावच बिग हिल होतं. १८८४ मधे बांधकामाची पहिलीच गाडी खाली उतरताना सुटली आणि तीन कामगार गेले. मग त्यांनी तेच केलं जे आपल्या घाटात केलंय, कॅच सायडिंग, म्हणजे सुटलेली गाडी अडवायला बाजूचा चढता रूळ. बोरघाटात मंकी हिल, ठाकूरवाडीला जसं गाडी ताब्यात आहे हे दाखवल्याशिवाय पुढचा रस्ता देत नाहीत, तसंच इथे तीन ठिकाणी सांधे कायम डोंगरावर चढणाऱ्या बाजूच्या रुळावर लावलेले असायचे, ड्रायव्हरने शिट्टी देऊन कळवलं आणि सांधेवाल्याची खात्री पटली तरच मुख्य लाइनला सांधा फिरायचा. एवढं सारखं काम पाहून मला पहिल्यांदा अगदी घरच्यासारखं वाटलं होतं. पुढे १९०९ मधे श्वित्झर नावाच्या इंजिनियरच्या देखरेखीखाली हे दोन स्पायरल टनेल झाले, कल्पना स्वित्झर्लंडकडची. उतार कमी करायचा तर लांबी वाढवायला पाहिजे, आणि दरी अरुंद, लांबी आणणार कुठून, मग डोंगराच्या पोटातच लाइन गोल फिरवली. वरचा बोगदा कथीड्रल डोंगरात, जवळपास एक किलोमीटर, खालचा ऑग्डेन डोंगरात, ८९० मीटरच्या आसपास, प्रत्येकात गाडी वळून स्वतःच्याच खाली पंधराएक मीटरवर बाहेर पडते.

आता कुठे थांबायचं. हायवेवर फील्डच्या पूर्वेला साताठ किलोमीटरवर लोअर स्पायरल टनेलचा व्ह्यूपॉइंट आहे, पार्किंग, माहितीचे फलक, सगळं आहे, पहिल्यांदा येणाऱ्याने इथेच थांबावं. दुसरा योहो व्हॅली रोडवर थोडं आत, तिथून वरचा बोगदा दिसतो, गर्दी कमी, पण तो रस्ता हिवाळ्यात बंद असतो, सप्टेंबर शेवटीला चालू असतो. माझी आवड म्हणाल तर खालचाच, कारण नवीन धान्याची गाडी ८५०० फूट म्हणजे अडीच किलोमीटरच्या वर असते आणि बोगदा त्याच्या एक तृतीयांश, त्यामुळे इंजिन खालच्या तोंडातून बाहेर आलेलं असतं आणि वरच्या तोंडात अजून डबे शिरतच असतात, एकच गाडी दोन मजल्यांवर उलट्या दिशांना चाललेली दिसते. लहान मुलं तर सोडाच, मी साठीच्या माणसांना इथे ओरडताना पाहिलंय. वेग पंचवीस-तीस किलोमीटरचाच असतो म्हणून पाचसहा मिनिटं तरी हा खेळ चालतो, फोटोची घाई करू नका, आधी डोळ्याने बघा.

किती वेळ थांबायचं याचं उत्तर कुणी देऊ शकत नाही. मालगाड्यांना टाइमटेबल नसतं. दिवसभरात वीस-पंचवीस गाड्या धरून चाला, पण त्या सारख्या अंतराने येत नाहीत, एकेरी लाइन असल्याने तीन एका बाजूच्या मागोमाग येतात मग तीन तास चिटपाखरू नाही. एकदा वरती रुळाचं काम निघालं होतं तेव्हा मी चार तास नुसते डोंगर बघितले, डबा संपला, शेवटी कंटाळून कॉफी आणायला फील्डला गेलो आणि पुलावरून वळून बघतो तर गाडी. तुम्ही चार तास काढून ठेवा म्हणजे एकदोन तरी धान्याच्या मिळतील, शिवाय ते दिवस कापणीनंतरचे, धान्याची वाहतूक तेव्हा जोरात असते. आपल्या दृष्टीने यापेक्षा बरा महिना नाही. फक्त लेक लुईसला त्याच आठवड्यांत लार्चची झाडं पिवळी होतात आणि ती बघायला अख्खी कॅलगरी लोटते, म्हणून सकाळी सहालाच घर सोडा.

जाताना वाटेत मोरंट्स कर्व्ह करा, लेक लुईसच्या थोडं अलीकडे जुन्या बो व्हॅली रस्त्यावर आहे, कॅनेडियन पॅसिफिकचा फोटोग्राफर निकोलस मोरंट याच्या नावावरून. बो नदीला समांतर लाइनचं सुंदर वळण, मागे बर्फाचे डोंगर, कॅलेंडरवर बघितलाच असेल हा फोटो. सकाळचा उजेड बरा. पण खरं सांगू का, मला आता तिथे फारसं थांबवत नाही, तिथे गाडी नुसती देखणी दिसते, काम करताना दिसत नाही.

हॉपर ओळखण्याकडे येऊ. आपल्याकडे धान्य अजून बहुतेक गोण्यांतून जातं, हमाल बंद वाघिणीच्या दारातून पाठीवर गोणी वाहतात, इथे गोणी हा प्रकारच नाही. पिठाच्या गिरणीत वरून दळण ओततात तो तळाला निमुळता होत जाणारा खोका आठवा, किंवा पाभरीचं चाडं, तसे तीन-चार खोके एका डब्यात ओळीने बसवलेत म्हणजे हॉपर. वर छताला लांब झाकण, तिथून एलेव्हेटरखाली, म्हणजे धान्याच्या उंच कोठाराखाली, दाणा पडतो, खाली सरकती दारं, बंदरावर ती उघडली की डबा आपोआप रिकामा. हात लावायची गरज नाही.

त्यात तुम्ही म्हणता ते गोल पोटाचे, पाण्याच्या टँकरसारखे दिसणारे, ते खास कॅनडाचं लेणं आहे, आणि त्याच्यामागे एक रंजक भानगड आहे. १८९७ मधे रेल्वेने सरकारकडून क्रोज नेस्ट खिंडीतल्या नव्या लाइनसाठी पैसे घेतले आणि बदल्यात धान्याचं भाडं कमी करून दिलं, ते कमी भाडं पुढे कायद्याने इतकी वर्षं तसंच राहिलं की १९६०-७० पर्यंत धान्य नेणं म्हणजे रेल्वेला घाट्याचा धंदा. मग नवीन डबे कोण घेणार? जुन्या लाकडी-लोखंडी बंद डब्यांच्या दाराला फळ्या ठोकून गहू भरायचे, अर्धा वाटेत सांडायचा. शेवटी १९७२ पासून केंद्र सरकारने स्वतःच्या पैशाने हे गोल हॉपर घ्यायला सुरुवात केली, हजारोंनी घेतले, पुढे आल्बर्टा आणि सस्कॅचेवान सरकारांनीही हजार-हजार घेतले. म्हणून डब्यावर रेल्वेचं नाव नसून "कॅनडा" असं मोठ्या अक्षरात आणि झेंडा दिसतो. लाल-पिवळे गव्हाच्या ओंबीवाले, नुसते करडे किंवा चंदेरी, आल्बर्टाचे निळे, सस्कॅचेवानचे हिरवे. डब्याच्या डाव्या टोकाला जी चार अक्षरं असतात त्यातलं शेवटचं अक्षर एक्स असेल तर डबा रेल्वेच्या मालकीचा नाही, हे एक लक्षात ठेवा. आल्बर्टाचा निळा दिसला तर फोटो घ्याच, हे सगळे आता वयाने म्हातारे झालेत आणि वर्षागणिक मोडीत निघतायत.

त्यांच्या जागी येतायत सरळ बाजूंचे नवीन. २०१८ मधे कॅनेडियन पॅसिफिकने ५९०० नवीन हॉपर घ्यायचं जाहीर केलं, हॅमिल्टनच्या नॅशनल स्टील कारकडून. जुन्याची कोठी साधारण ४५५० घनफूट, नव्याची ५४३१, आणि तरी नवा डबा लांबीला जुन्यापेक्षा आखूड, म्हणजे तेवढ्याच गाडीत जास्त डबे बसतात. हिशोबाने एकदम भारी. पण दिसायला? बिस्किटाचा पुडा. जुन्या गोल डब्यावर संध्याकाळचं ऊन पडलं की पोटावरून जी एक रेघ सरकत जाते ती या चपट्यांत कुठली.

एक चूक सगळेच नवीन लोक करतात, सगळ्याच हॉपरला धान्य समजतात. पोटॅशच्या, म्हणजे खताच्या गाड्या पण सस्कॅचेवानहून याच वाटेने उतरतात, सगळे एकसारखे सरळ बाजूंचे आणि बुटके डबे, कारण पोटॅश धान्यापेक्षा जड, थोड्या जागेत वजन पुरं होतं. धान्याची गाडी सहसा गोधडीसारखी असते, चार रंग, दोन आकार. कोळसा मात्र फील्ड हिलवर शोधू नका, तो दक्षिणेकडून थेट पुढे गोल्डनला येऊन मिळतो.

भरलेली की एम्टी, ते स्प्रिंगवर. चाकांच्या मधल्या जाड स्प्रिंगची वेटोळी दाबून एकमेकांना टेकत आली असतील तर लोड, वेटोळ्यांमधे फट दिसत असेल तर एम्टी. शिवाय एम्टी डबा सांध्यावरून जाताना रिकाम्या पिंपासारखा वाजतो, भरलेला नुसता "धप्" करतो. दुर्बिण आणा, कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. रेल्वेचा रेडिओ ऐकायचा स्कॅनर कुणाकडून मिळाला तर उत्तमच, रुळाकाठी जागोजागी गरम बेअरिंग तपासणारी यंत्रं आहेत, गाडी गेली की तेच रेडिओवर मैलाचा आकडा आणि "अलार्म नाही" असं बोलतं, त्यावरून गाडी किती लांब आहे याचा अंदाज बांधता येतो.

ब्रेकचं सांगतो म्हणालो होतो. चढावर गाडी अडली तर फक्त अडते, उतारावर हातातून गेली की संपलं. ड्रायव्हर डायनॅमिक ब्रेकवर, म्हणजे मोटरींना जनित्र करून त्यांच्या विरोधावर, जमेल तेवढं वजन धरतो आणि वरून हलकासा हवेचा ब्रेक लावतो. पण हवेचा ब्रेक ही उसनी गोष्ट आहे, प्रत्येक डब्याच्या टाकीत जेवढी हवा आहे तेवढाच, आणि कडाक्याच्या थंडीत रबरी वॉशर कडक होऊन हवा झिरपते. ४ फेब्रुवारी २०१९ ला हेच झालं. ११२ हॉपर भरून धान्य, रात्रीची वेळ, उणे पंचवीसच्या खाली तापमान, गाडीचा वेग आवरेना म्हणून आधीच्या क्रूने इमर्जन्सी ब्रेक मारून ती वरच्या बोगद्याच्या वर पार्ट्रिजला उभी केली. तिघांचा बदली क्रू चढला, आणि काही तासांत हवा झिरपून गाडी आपोआप चालू लागली. हँडब्रेक लावलेले नव्हते. दोन बोगद्यांच्या मधल्या वळणावर नव्व्याण्णव डबे आणि दोन इंजिनं घसरली, पुढचं इंजिन नदीत, तिघंही गेले. त्यानंतर सरकारने हुकूम काढला की डोंगरी उतारावर इमर्जन्सीत थांबलेल्या गाडीला हँडब्रेक लावलेच पाहिजेत, आणि २०२२ च्या चौकशी अहवालात डब्यांना आपोआप लागणारे पार्किंग ब्रेक बसवा अशी शिफारस आली. मी त्या आठवड्यात तिकडे गेलो नाही, जावंसं वाटलं नाही. तेव्हापासून उतरणारी गाडी बोगद्यातून बाहेर येऊन त्या वळणावर संथ घोंघावत जाताना दिसली की माझं लक्ष फोटोपेक्षा चाकांकडेच असतं.

दोनचार बारीक गोष्टी. नॅशनल पार्कचा पास घ्यावा लागतो. रूळ ओलांडू नका, रुळाशेजारी चालू नका, ती खासगी जागा आहे आणि रेल्वेचे स्वतःचे पोलीस आहेत, आपल्यासारखं "दोन मिनिटं जाऊन येतो" इथे चालत नाही. दुसरं कारण अस्वल. सांडलेले दाणे खायला ग्रिझली रुळांवर येतात आणि गाडीखाली सापडतात, त्यावर रेल्वे आणि पार्कवाल्यांनी मिळून पाच वर्षं अभ्यास केला, दहा लाख डॉलर घातले. खाण्याचं काही बाहेर ठेवू नका, भडंगाचा पुडासुद्धा नाही. फील्ड ब्रिटिश कोलंबियात असलं तरी घड्याळ कॅलगरीचंच चालतं, वेळ बदलायची भानगड नाही. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रॉकी माउंटेनियर ही महागडी टुरिस्ट गाडीही दिवसाउजेडी इथून जाते, दिसली तर हात करा, ते लोक हमखास हात करतात.

आणि वहिनी बरोबर असतील तर त्यांना सांगा की त्या डब्यांपैकी एखाद्यात वाटाणा किंवा मसूर असू शकते. भारताने २०१७ च्या शेवटी वाटाण्यावर ५० टक्के ड्यूटी लावली तेव्हा इकडचे शेतकरी आपल्या नावाने बोटं मोडत होते, म्हणजे आपल्या आमटीचा या घाटाशी संबंध आहेच.

निघायची वेळ झाली की सामान गाडीत टाका, पण अजून दहा मिनिटं काच खाली करून बसा. माझ्या चांगल्या गाड्यांपैकी निम्म्या किल्ली फिरवल्यावर आल्यात.